चावी, साबण, बादलीच्या माहेरी

दोस्तांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी एक काम करा. उठा आणि घरात एक चक्कर मारून या. न्हाणीघरात साबण आहे, बादली आहे. दाराशी खिळ्याला चावी लटकतेय. स्वयंपाकघरात टोपलीत बटाटे आहेत, शेजारी कोबीचा गड्डा आहे, ओट्यावर परात आहे. वरच्या फळीवरच्या डब्यात काजू आहेत (ते खाऊ नका, पाहुण्यांसाठी ठेवलेत). खाली पाववाला आला असेल तर चार पाव घ्या. आणि घरात पगार नुकताच झाला असेल तर जे काय मागायचं ते आत्ताच मागून घ्या!

आलात? शाब्बास. या एका फेरीत तुम्ही नऊ शब्दांना हात लावून आलात, आणि हे नऊच्या नऊ शब्द आपल्याकडे आलेत पोर्तुगीज भाषेतून. साबण म्हणजे त्यांचा 'साबांव'. बादली म्हणजे 'बाल्दे', चावी म्हणजे 'शावे'. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. परात ही मुळात 'प्रातो', म्हणजे साधी ताटली. आपल्याकडे येऊन ती एवढी ऐसपैस झाली! कोबीचं मूळ 'कोव', पावाचं 'पांव'. काजूला ते 'काजू'च म्हणतात आणि बटाट्याला आजही 'बताता'.

हे शब्द जहाजातून आले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, गोवा मात्र १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लई गावात तर आजही काही घरांत पोर्तुगीजपासून बनलेली एक वेगळीच बोली बोलतात. एवढी वर्षं शेजार झाल्यावर शब्दांची उसनवारी होणारच.

तर या सुट्टीत आपण त्या शब्दांच्या माहेरी जाऊन येऊ. जायचंय पोर्तुगालच्या अगदी दक्षिणेला, अल्गार्व नावाच्या किनाऱ्यावर. इंग्लंडमध्ये तुमचे कुणी काका-आत्या राहत असतील तर त्यांना हे नाव विचारा, ते लगेच ओळखतील. ऊन पाहायला आसुसलेली तिकडची घरंच्या घरं सुट्टी लागली की तिथे जातात, आपण गोव्याला किंवा दिवेआगरला जातो तशी.

पश्चिमेचा किनारा

नावापासूनच सुरुवात करू. 'अल्-घर्ब' हा अरबी शब्द, अर्थ पश्चिम. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर होणाऱ्या नमाजाला 'मगरिब' म्हणतात ना, तोही याच कुळातला. आठव्या शतकापासून १२४९ पर्यंत इथे अरबी बोलणाऱ्या मुसलमानांचं राज्य होतं. म्हणून गावांची नावं पाहा: अल्बुफेइरा, अल्जेझुर, अल्वोर. सगळी 'अल्'ची मंडळी! चुन्यानं पांढरीशुभ्र रंगवलेली घरं आणि त्यांवर जाळीदार नक्षीची धुरांडी हे तर इथल्या चित्रांतून हटकून दिसतं.

मुंबईहून लिस्बनला पोचायला वाटेत एकदा विमान बदलावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. लिस्बनहून फारोपर्यंत रेल्वेनं साधारण तीन तास. गाडी शहरातून निघते तीच तेजो नदीवरच्या एका अवाढव्य लाल झुलत्या पुलाच्या खालच्या मजल्यावरून. मोटारी वरून, आपण खालून. त्या वेळी झोपू नका म्हणजे झालं.

आता ऊन. इथे वर्षाला जवळजवळ ३००० तास ऊन पडतं. जुलैत पारा तिशीच्या आसपास जातो, आपल्या विदर्भातल्या मुलांना तर ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. तुम्ही पुळणीवरून आनंदानं धावत सुटता, पाण्यात उडी मारता आणि... अग्गं बाई! पाणी बर्फासारखं गार!

याचं कारण नकाशात आहे. पुष्कळांना वाटतं हा भूमध्य समुद्र. नाही, हा अटलांटिक महासागर आहे. उत्तरेकडून वारे वाहू लागले की ते पोर्तुगालच्या किनाऱ्यालगतचं वरवरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतात. मग रिकामी जागा भरायला तळातलं थंड पाणी वर येतं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ते जरा बरं असतं, ऐन उन्हाळ्यात वीस-बावीस अंश. पश्चिमेच्या बाजूला मात्र दात वाजतात. पण त्या थंड पाण्याबरोबर तळाचं खाद्यही वर येतं आणि त्यावर तारलीचे थवेच्या थवे पोसतात. तारली म्हणजे तिकडची 'सार्दिन्या'. पोर्तिमांव गावात पूर्वी या मासळीचे डबे भरण्याचे कारखाने होते. त्यांतल्या एका जुन्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. तर तुमचे दात वाजतात त्यामागे ही अशी गिरणी चालू असते!

कडा, भरती आणि बावटा

आई-बाबांनो, पुढचा भाग तुम्हीही वाचा. खरं म्हणजे आधी तुम्हीच वाचा.

अल्गार्वची चित्रं पाहिली की डोळ्यांत भरतात ते सोनेरी-केशरी कडे. त्यांत गुहा, कमानी, समुद्रात एकटे उभे सुळके. हा चुनखडीचा दगड आहे. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी तो समुद्राचा तळ होता. जवळ जाऊन पाहिलंत तर दगडात अख्खे शिंपले रुतलेले दिसतील, जसे काय कालच कुणी चिकटवले. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवतं. वरून पाऊस आणि खालून लाटा, असं कोरकाम चालू राहतं. बेनाजिलच्या गुहेला तर छतात गोल खिडकी पडलीय, तिच्यातून ऊन थेट आतल्या वाळूवर उतरतं. मात्र तिथे पोहत जायला आणि आत उतरायला २०२४ मध्ये बंदी घालण्यात आली, इतकी गर्दी होऊ लागली होती.

पण विचार करा. ज्या कारणानं हा कडा सुंदर झाला त्याच कारणानं तो ढासळतोसुद्धा. ऑगस्ट २००९ मध्ये अल्बुफेइराजवळच्या मारिया लुइझा किनाऱ्यावर कड्याचा मोठा तुकडा कोसळला आणि पाच माणसं गेली. सुट्टीचा दिवस, लख्ख ऊन, वादळ नाही, काही नाही. म्हणून कड्याखालच्या सावलीचा मोह नको. फलक पाहा, आणि कडा जेवढा उंच दिसतो त्याच्या दीडपट अंतर सोडून चटई टाका. छत्री भाड्यानं मिळते. माझं मत विचाराल तर या किनाऱ्यावरचे सर्वांत चांगले खर्चलेले पैसे तेच.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कड्यांच्या मध्ये लहान लहान पुळणी असतात. ओहोटीला तुम्ही एकीकडून दुसरीकडे वाळूवरून चालत जाता, खेळण्यात दोन तास जातात, आणि मागे वळून पाहता तर परतीच्या वाटेवर पाणी! इथे भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरपर्यंत जातो. अशा वेळी कोकणातल्या आजोबांची शिकवणी कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. चंद्र तोच, त्यामुळे घरची दिनदर्शिका तिथेही चालते! घड्याळाच्या वेळा मात्र किनाऱ्यावरच्या तक्त्यात पाहायच्या. 'मारे' म्हणजे भरती-ओहोटी, एवढा शब्द लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट बावट्यांची. हिरवा बावटा असला तर पोहा. पिवळा असला तर पोहायचं नाही, फार तर पाय भिजवायचे. लाल असला तर पाण्याकडे पाठ फिरवून भजी, म्हणजे तिथली बटाट्याची तळलेली कापं, खायला जायचं. आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा बावटा दिसला तर समजा की जीवरक्षक थोड्या वेळासाठी जागेवर नाहीये. अडचणीत ११२ हा क्रमांक. ही सगळी माहिती पाठ करून मोठ्यांची परीक्षा घ्या. पैजेवर सांगतो, चौकड्यांच्या बावट्यावर ते अडतील.

कुणी म्हणेल, किती ही भीती घालता! भीती नाही हो, समुद्र वाचायला शिकवतोय. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी याच समुद्राच्या तळाखाली भयंकर भूकंप झाला. लिस्बन पडलं हे इतिहासाच्या पुस्तकांत असतं, पण अल्गार्वचा किनाराही त्सुनामीनं धुऊन नेला. आता २००४ ची गोष्ट ऐका. थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर इंग्लंडची दहा वर्षांची एक मुलगी आई-बाबांबरोबर सुट्टीला आली होती. समुद्राला फेस येऊन तो भलताच वागतोय हे तिनं पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिला त्सुनामी शिकवली होती. तिनं ओरडून ओरडून घरच्यांना सांगितलं, किनारा रिकामा झाला आणि माणसं वाचली. भूगोलाचा तास कंटाळवाणा असतो म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना?

लागुशचा चौक

आता अल्बुफेइराहून पश्चिमेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसा आणि शेवटच्या स्टेशनावर उतरा. गावाच्या नावाचं स्पेलिंग पाहून 'लागोस' म्हणाल, तिथले लोक म्हणतात 'लागुश'. जुनी तटबंदी, दगडी गल्ल्या, आइसक्रीमची दुकानं. मोठ्या चौकात एका माणसाचा बसलेला पुतळा आहे. हा राजपुत्र हेन्री. जन्म १३९४, मृत्यू १४६०. स्वतः तो फारसा समुद्रावर गेला नाही, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यानं आणखी आणखी दक्षिणेला जा म्हणून त्यानं जहाजांमागून जहाजं पाठवली.

त्या काळी खलाशांना वाटायचं की बोहादोर नावाच्या भूशिरापलीकडे जग संपतं. १४३४ मध्ये लागुशच्याच जिल इआनेश नावाच्या खलाशानं ते भूशिर ओलांडलं आणि परत आला. सगळ्यांना कळलं, पुढेही समुद्रच आहे. ही वाट पुढे सरकत सरकत १४९८ मध्ये वास्को द गामाला कालिकतला घेऊन आली. (तो स्वतः निघाला होता लिस्बनहून, १४९७ मध्ये. लागुशहून नव्हे, हे परीक्षेत चुकू नका.) आपली बादली, आपला साबण याच वाटेनं आले. इथपर्यंत गोष्ट मोठी साहसाची आहे, नाही?

पण त्याच चौकात, पुतळ्यासमोरच, कमानींची एक छोटी इमारत आहे. तिला गुलामांचा बाजार म्हणतात. आत आता संग्रहालय आहे. तिथे जायचंच.

८ ऑगस्ट १४४४. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसं त्या दिवशी लागुशला जहाजांतून उतरवली. पुरुष, बायका, मुलं. गावाबाहेरच्या मैदानात त्यांचे पाच वाटे करण्यात आले. वाटे सारखे व्हावेत म्हणून आईला एका वाट्यात टाकलं, मुलाला दुसऱ्यात, भावाला तिसऱ्यात. मुलं आईकडे धावायची, आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर पडायच्या. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून हे पाहत होता. पाचवा वाटा त्याचा होता, ४६ माणसं. हे कुणा शत्रूनं लिहिलेलं नाही. गुमेश इआनेश द झुरारा नावाच्या, हेन्रीची थोरवी गाणाऱ्या दरबारी बखरकारानं पुढे काही वर्षांनी हे लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्यालासुद्धा रडू आवरलेलं नाही.

पुढे तर हा व्यापार चारशे वर्षं चालला, त्यात लाखो माणसं विकली गेली. आफ्रिकेतून आणलेले गुलाम गोव्यातल्या पोर्तुगीज घरांतही राबत होते.

२००९ मध्ये लागुशच्या तटाबाहेर मोटारी ठेवण्यासाठी जमिनीखाली तळ बांधायचा होता. खोदकाम सुरू झालं आणि हाडं निघाली. शास्त्रज्ञ आले. दीडशेहून जास्त सांगाडे होते, पंधराव्या शतकापासूनचे, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. त्यांत मुलंही होती. त्यांना पुरण्यासाठी वेगळी जागा केलेली नव्हती. गाव जिथे कचरा टाकायचं तिथेच त्यांना टाकलं होतं. सांगाडे अभ्यासासाठी काढून नेले. आणि वाहनतळ? तो झाला. त्याच्यावर बाग झाली, बागेत मिनी गोल्फचं मैदान झालं.

मला काही ते मैदान बंद पाडा असं म्हणायचं नाही. सुट्टीला आलेली मुलं तिथे चेंडू टोलवतात, त्यांचा काय दोष? पण तुम्ही तिथे गेलात तर पायाखाली काय निघालं होतं हे माहीत असू द्या. आणि शेजारी खेळणाऱ्या मुलानं विचारलं, तर त्यालाही सांगा.

नांगर, मडकी आणि समुद्री घोडे

आता उलट्या दिशेनं. तीच छोटी गाडी पूर्वेला पार स्पेनच्या सीमेपर्यंत जाते. फारो सोडलं की कडे संपतात आणि किनाऱ्याचं रूपच पालटतं. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूची लांबट बेटं, त्यांच्या आत उथळ खाडी, चिखलाची खाजणं, मिठागरं. याचं नाव रिया फोर्मोझा. फोर्मोझा म्हणजे सुंदर. खाजणात ओहोटीला माणसं वाकून तिसऱ्या वेचत असतात. ते पाहून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मुलांना घरची आठवण येईल. मिठागरात गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे.

ताविरा गावाजवळ बारील नावाचा किनारा आहे. तिथे जायला चिखलावरून एक खेळण्यासारखी आगगाडी आहे, किंवा मग रुळांच्या कडेनं चालत जा. पलीकडे उतरलात की वाळूच्या टेकड्यांवर दिसतात नांगर. एक नाही, दोन नाही, दोनशेहून जास्त! गंजलेले, ओळीनं उभे केलेले, जसं काय स्मशानच.

ही गोष्ट कुप्याची, म्हणजे ट्यूना माशाची. दर वर्षी वसंतात हे अजस्र मासे अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे जायचे, ते अल्गार्वच्या किनाऱ्यावरूनच. कोळी त्यांच्या वाटेत जाळ्यांच्या भिंती उभ्या करायचे आणि त्या भिंती जागच्या जागी राहाव्यात म्हणून हे नांगर. हंगामभर कोळ्यांची कुटुंबं बेटावरच राहायची. मुलं इथेच खेळायची. हळूहळू कुपे कमी झाले, आणि १९६० च्या दशकात काम थांबलं. कोळी गेले, नांगर राहिले. त्यांच्या घरांतून आता पाहुण्यांना जेवण वाढतात. नांगरांवर चढून फोटो काढायचा मोह होतो. नका चढू, गंजलेलं लोखंड लागतं फार वाईट.

जवळच सांता लुझिया नावाचं कोळ्यांचं गाव आहे. धक्क्यावर मडक्यांच्या उतरंडी दिसतील. कशासाठी असतील, ओळखा! पाणी भरायला? छे. ऑक्टोपस पकडायला. ही मडकी एका लांब दोरीला बांधून समुद्रात सोडायची. ऑक्टोपसला अंधारं, घट्ट घर आवडतं. तो बिचारा वाटतं 'वा, काय छान खोली!' म्हणून आत जाऊन बसतो. त्याला कोंडायला झाकण लागत नाही. दुसऱ्या दिवशी कोळी दोरी ओढतो, तरी हा घर सोडत नाही. आता बहुतेक मडकी प्लॅस्टिकची झालीत, पण युक्ती तीच.

याच खाडीतल्या पाणगवतात समुद्री घोडे राहतात. शेपटीनं गवताला धरून उभे असतात आणि पिल्लं वाढवतात पोटाच्या पिशवीत, तेसुद्धा बाबा! २००० च्या सुमाराला शास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा इथल्याइतके समुद्री घोडे जगात क्वचितच कुठे सापडले होते. काही वर्षांनी पुन्हा मोजले तर मोठी घट. पाणगवत उखडलं जातं, बोटींचे नांगर तळ खरवडतात, शिवाय चोरून पकडून वाळवून विकणारेही आहेत. खाडीत बोटीनं जाणार असाल तर गवतावर नांगर टाकू नका असं नावाड्याला सांगता येईल. मुलांनी सांगितलं की मोठी माणसं जरा ओशाळतात, आणि ऐकतात.

पोहण्याचा तलाव कुणाचा?

एक दिवस समुद्र सोडून डोंगराकडे जा. वाटेत संत्र्यांच्या बागा, बदाम, अंजीर. बदामाची एक जुनी कहाणी इथे प्रत्येक मुलाला येते. एका मूर राजानं उत्तरेकडच्या बर्फाच्या देशातली राजकन्या राणी म्हणून आणली. तिला बर्फाची आठवण येऊन ती झुरायला लागली. राजानं डोंगरभर बदामाची झाडं लावली. हिवाळा सरता सरता ती एकदम फुलली, सगळं पांढरं झालं आणि राणी हसली.

पुढे कॅरोबची झाडं दिसतील, चिंचेसारख्या काळ्या शेंगांची. हिऱ्याचं वजन 'कॅरट'मध्ये मोजतात ना, तो शब्द याच झाडाच्या बियांवरून आला. पूर्वी जवाहिरे या बिया तराजूत टाकत. आणखी वर गेलात की बुचाचे ओक. हे आपल्या पुण्याच्या रस्त्यांवर सुवासिक पांढरी फुलं गाळणारं बुचाचं झाड नव्हे बरं का, हा वेगळा. याची जाड साल सोलून तिची बुचं करतात. झाड मरत नाही, नवी साल येते. पण दोन सोलण्यांमध्ये नऊ वर्षं थांबावं लागतं, तसा कायदाच आहे. झाडावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवलेला असतो, तो साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. समजा २०२३ मध्ये सोललं तर ३. मग पुन्हा कधी सोलणार, तुम्हीच सांगा.

आता जरा गंभीर. या सगळ्या झाडांत संत्र्यालाच पाणी भरपूर लागतं. आणि पाणीच कमी आहे. वर्षानुवर्षं पाऊस कमी पडत गेला, धरणं खाली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारला अल्गार्वमध्ये पाणीकपात करावी लागली: शेतीला २५ टक्के, गावांना आणि हॉटेलांना १५ टक्के. पुढे ती सैल केली. पण शेतकरी संतापले होते. त्यांचं म्हणणं असं की आमची झाडं एकदा वाळली की मेली, मग जास्त कपात आम्हाला का? हॉटेलवाले म्हणत, पाहुणे आले नाहीत तर गावातल्या पोरांना नोकऱ्या कोण देणार? दोघांचंही खोटं नाही. अल्गार्वची वस्ती पाच लाखांच्याही आत, आणि हॉटेलांत उतरणारे पाहुणे वर्षाला पन्नास लाखांच्या घरात. ते येतात कधी? तर ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पावसाचा थेंब नसतो. चाळीसच्या आसपास गोल्फची मैदानं आहेत, ती हिरवीगार ठेवावी लागतात. काही ठिकाणी त्यासाठी सांडपाणी शुद्ध करून वापरतात. सगळीकडेच तसं व्हायला हवं असं माझं मत. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या मुलांना हे भांडण समजावून सांगायला नकोच. तुमच्या हॉटेलात पोहण्याचा तलाव असेल, पोहा खुशाल. समुद्र दोन मिनिटांवर असताना रोज तलावातच डुंबायचं का, ते मात्र घरात ठरवा.

पोटोबा

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. 'सें कार्ने, सें पेइशे' म्हणजे मांस नको, मासे नकोत. हे दोन्ही म्हणायचं, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर मोठ्या प्रेमानं मासा आणून ठेवतील! भाजीचं सूप, ताजा पाव, ऑलिव्ह, चीज, संत्री, यांवर दिवस छान निघतो. सुपात सॉसेजची चकती घालायची पद्धत आहे, तेवढं विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांची तर चैनच. निखाऱ्यांवर भाजलेली तारली पावावर ठेवून खातात, रस पावात मुरतो.

दुपारी पुळणीवर आरोळी ऐकू येते: 'बोलाश द बर्लीं!' खोके गळ्यात अडकवून, वाळू तुडवत विक्रेते येतात. आत पिवळं गोड क्रीम भरलेला, साखरेत घोळवलेला तळलेला गोळा असतो. भर उन्हात दिवसभर फिरणारा तो माणूस, त्याला धन्यवाद म्हणा. मुलानं म्हणायचं 'ओब्रिगादु', मुलीनं 'ओब्रिगादा'. मुलगा 'आलो' म्हणतो आणि मुलगी 'आले' म्हणते, तसंच आहे हे. इंग्रजीवाल्यांना लक्षात ठेवायला त्रास होतो, तुम्हाला होणार नाही.

शेवटचा दिवस टोकावर

शेवटची संध्याकाळ केप सेंट व्हिन्सेंटसाठी राखून ठेवा. लागुशहून साग्रेशला, आणि तिथून थोडं पुढे. परतीच्या बसची वेळ आधी नीट पाहून ठेवा, तिथे रात्री अडकलात तर वारा सोडून सोबतीला कुणी नसेल. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं हे नैऋत्येचं टोक. रोमन लोक याला पवित्र भूशिर म्हणायचे. उंच उभा कडा, खाली पांढरा फेस, टोकावर दीपगृह. कठडा सगळीकडे नाही. म्हणून लहानांचा हात धरायचा आणि बाबांनी फोटोसाठी मागे मागे सरकायचं नाही.

दीपगृहाबाहेर वर्षानुवर्षं सॉसेज विकणारी एक गाडी उभी असायची. पाटीवर जर्मन भाषेत लिहिलेलं: अमेरिकेआधीचं शेवटचं सॉसेज. थट्टा आहे, पण नकाशा काढून पाहा, खोटी नाही. तिथून सरळ पश्चिमेला खरंच अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी.

जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमारास. तुमच्या घरी तेव्हा मध्यरात्र उलटून दीड वाजत आलेला असतो. क्षितिजावर जहाजांची रांग दिसते. उत्तर युरोपातून भूमध्य समुद्राकडे जाणारी जहाजं या टोकाला वळसा घालून पूर्वेला वळतात. त्यांतली काही सुएझ कालव्यातून पुढे मुंबईच्या बाजूलाही येतात. ऊन गेलं की वारा एकदम बोचायला लागतो. जर्किनची साखळी गळ्यापर्यंत ओढा, दीपगृहाचा दिवा फिरायला लागेपर्यंत थांबा, आणि जहाजांचे दिवे मोजा. ताईचे जास्त की तुमचे, ते बसमध्ये ठरवता येईल.